सांधेदुखी आणि अंगावरून जाणारं वारं

आपल्या भागात सांधे सुजले की 'वात धरला' म्हणतात आणि अर्धांगवायू झाला की 'अंगावरून वारं गेलं'. या दोन आजारांचा एकमेकांशी संबंध असू शकतो. तो सभासद कुटुंबांना ठाऊक असावा, म्हणून हे लिहीत आहोत.

रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढते, पण काहींच्या शरीरात ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि ल्युपस हे असेच आजार. दोन्ही स्त्रियांत जास्त आढळतात. यातला दाह सांध्यांपुरता राहत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिथे चरबीचे थर लवकर साचतात आणि गुठळी होऊ शकते. ती मेंदूचा रक्तपुरवठा अडवते तेव्हा पक्षाघात होतो. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये तर रक्तच लवकर गोठते. म्हणून वारंवार गर्भपात झाला असेल किंवा तरुणपणीच पक्षाघात झाला असेल, तर त्यासाठीची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारावी.

लहानपणी घसादुखीनंतर येणारा संधिवाताचा तापही याच जातीचा. सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप कायमची खराब होऊ शकते. पुढे हृदयाचे ठोके अनियमित झाले की तिथली गुठळी मेंदूपर्यंत जाते. मुलांचा घसा दुखून ताप आला तर दुर्लक्ष नको.

निपाणी तर तंबाखूची बाजारपेठ. बिडी-सिगारेटने आमवाताचाही धोका वाढतो आणि पक्षाघाताचाही. घराघरांतल्या मिश्रीतही तंबाखूच असते, हे विसरू नये.

दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो. स्टेरॉइडने रक्तदाबाबरोबर साखरही वाढते. मात्र चालू असलेले स्टेरॉइड एकदम बंद करणेही धोक्याचे. डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित औषध घेऊन दाह आटोक्यात ठेवणे आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहणे, हाच मार्ग.

तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नये. लक्षणे थोड्या वेळाने गेली तरी थांबू नये. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन करून. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. सीमा कोणतीही असो, १०८ क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवावे आणि आमवात किंवा ल्युपस असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.