सामायिक आकाश आणि दरडोई वाटा

हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटविले पाहिजे, हे तत्त्व बहुतेक राष्ट्रांना मान्य आहे. मतभेद आहे तो हा भार कोणी किती उचलावा याविषयी.

मोजपट्टी बदलली की उत्तरही बदलते. कार्बन डायऑक्साइडच्या वार्षिक उत्सर्जनात चीन व अमेरिका यांच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. परंतु लोकसंख्येने भागले असता भारताचा दरडोई वाटा सुमारे दोन टन, तर अमेरिकेचा सुमारे चौदा टन भरतो. शिवाय या वायूचा बराचसा अंश शतकानुशतके वातावरणात टिकून राहतो. त्यामुळे आजच्या तापमानवाढीचा हिशेब केवळ आजच्या धुराड्यांवरून करता येत नाही. औद्योगिक क्रांतीपासूनचा संचयही त्यात धरावा लागतो. खनिज इंधने जाळून आजवर निर्माण झालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग एकट्या अमेरिकेचा आहे.

1992 च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक करारात ‘सामायिक परंतु विभेदित जबाबदारी’ हे तत्त्व नमूद झाले. 1997 च्या क्योटो करारनाम्याने उत्सर्जन घटविण्याचे बंधन केवळ विकसित राष्ट्रांवर घातले. अमेरिकेने मात्र त्यास अनुसमर्थन दिले नाही. 2015 च्या पॅरिस करारानुसार प्रत्येक राष्ट्र आपले उद्दिष्ट स्वतःच ठरविते.

गरीब राष्ट्रांनी मग आपला विकास थांबवावा काय? या प्रश्नाचा एक मूलगामी विचार बंगळूर येथे झाला. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने 1974 मध्ये ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. तुमकूर जिल्ह्यातील उंग्रा परिसरात संशोधकांनी खेड्यांतील ऊर्जेचा हिशेब मांडला. तेथे मुख्य इंधन सरपण हेच होते आणि ते गोळा करण्यात स्त्रिया व मुले यांचे बरेच श्रम खर्ची पडत. पारंपरिक चुलीत त्या सरपणातील बहुतांश उष्णता वाया जाई.

1985 मध्ये रेड्डी यांनी ब्राझील, स्वीडन व अमेरिका येथील तीन सहकाऱ्यांसह एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. उत्तम कार्यक्षमतेची साधने वापरल्यास दरडोई सरासरी एक किलोवॉट ऊर्जेत, म्हणजे दिवसाला 24 युनिट इतक्या ऊर्जेत, 1970 च्या दशकातील पश्चिम युरोपासारखे राहणीमान लाभू शकेल, असे त्यात दाखविले होते. या हिशेबात केवळ वीज नव्हे, तर सर्व प्रकारची ऊर्जा अंतर्भूत होती. ऊर्जा किती जळाली यापेक्षा तिच्यातून प्रकाश, पाणी व शिजलेले अन्न किती मिळाले, यास त्यांनी महत्त्व दिले.

या विचारातून दुहेरी कर्तव्य निष्पन्न होते. संपन्न राष्ट्रांनी आपला वापर आटोपता घेऊन कार्यक्षम तंत्रज्ञान व भांडवल इतरांस उपलब्ध करून द्यावयाचे. आणि विकसनशील राष्ट्रांनी उधळपट्टीचा जुना मार्ग टाळावयाचा. भारतानेही 2021 मध्ये ग्लासगो येथे 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट घोषित केले.

तथापि राष्ट्रीय सरासरी ही फसवी असू शकते. बंगळुरातील वातानुकूलित कचेरी आणि उंग्र्याकडील चूल एकाच सरासरीत मोजल्या जातात. दरडोई न्यायाचा दावा जगापुढे मांडणाऱ्या देशास, तो वाटा आपल्याच गरिबांपर्यंत कितपत पोहोचतो, याचेही उत्तर द्यावे लागेल.