उजेड मंदावला? शाब्बास!

जंगलातल्या एखाद्या झाडाचं हिरवंगार पान बघा. ना डाग, ना भोक. तरीही त्याच्या आत बहुतेक वेळा बुरशी राहत असते! ही पावावर येते तशी केसाळ नाही. ती पेशींच्या मधल्या फटींत गुपचूप वाढते आणि झाडाला काही त्रास देत नाही. समुद्रातल्या शैवालांतही अशा बुरश्या असतात. आणि प्रत्येकीचा आपला रसायनांचा कारखाना!

यातलं एखादं रसायन मलेरियाच्या परजीवीला मारेल का? क्लोरोक्विनसारख्या जुन्या औषधांना हा परजीवी बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही, म्हणून नवी औषधं हवीच आहेत. दिल्लीत जेएनयूच्या शेजारी आयसीजीईबी नावाची संशोधन संस्था आहे. तिथल्या दिनकर सहल यांच्या गटाने आणि चेन्नईचे बुरशीतज्ज्ञ टी. एस. सूर्यनारायणन यांनी मिळून हा शोध घेतला. 2014 साली तो प्रसिद्ध झाला. दक्षिण भारतातल्या 84 बुरश्या त्यांनी तपासल्या: 43 जंगलातल्या झाडांच्या पानांतल्या आणि सालींतल्या, 36 समुद्री शैवालांतल्या, 5 समुद्री गवतांतल्या.

आधी बुरशी वाढवायची. ती जे काही बाहेर सोडते ते रेझिनचे बारीक मणी धरून ठेवतात. मग मिथेनॉलने ते मण्यांतून सोडवून घ्यायचं. झाला अर्क तयार!

आता परजीवी. तो माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत शिरतो, आतलं हिमोग्लोबिन खातो, वाढतो आणि साधारण 48 तासांत पेशी फोडून बाहेर पडतो. प्रयोगशाळेत त्याला सतत वाढवत ठेवणं 1976 मध्ये अमेरिकेतल्या ट्रेगर आणि जेन्सन यांना जमलं. पुढे त्यांची एक युक्ती तर फारच गाजली. परजीवींच्या बशा बरणीत ठेवायच्या, आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती विझते, बरणीतला ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. परजीवीला नेमकी हीच हवा मानवते!

पण अर्क घातल्यावर परजीवी मेला की जगला, हे कळणार कसं? इथली हुशारी मला सगळ्यात आवडते. आपल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, म्हणून तिथे डीएनएही नसतो. पांढऱ्या पेशी आधीच काढून टाकलेल्या असतात. म्हणजे त्या रक्तात डीएनए असलाच, तर तो परजीवीचाच! मग सायबर ग्रीन नावाचा रंग घालतात. तो डीएनएला चिकटतो आणि हिरवा चमकतो. उजेड भरपूर, तर परजीवी मजेत. उजेड मंद, तर अर्कात दम आहे!

समुद्री शैवालातल्या एका फ्युझेरियम बुरशीने कमाल केली. परजीवींची वाढ निम्म्यावर आणायला तिचा अर्क दर मिलिलिटरला 1.94 मायक्रोग्रॅम लागला. अर्कातली रसायनं वेगवेगळी केल्यावर त्यातल्या एका भागाचे 0.12 मायक्रोग्रॅमच पुरले. सोळापट कमी!

अशा शोधातून खरोखर औषध निघतं का? हो! जपानच्या सातोशी ओमुरांना कावानाच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन तयार झालं. त्यासाठी त्यांना आणि विल्यम कॅम्बेल यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं. आपल्या नागपूर जिल्ह्यातही हत्तीरोगाच्या मोहिमेत त्याच्या गोळ्या दिल्या गेल्या आहेत.

पण बुरशीच्या अर्कापासून गोळीपर्यंतची वाट लांब असते. नेमका रेणू ओळखायचा, तो आपल्या पेशींना इजा करतो का ते बघायचं. फ्युझेरियमच्या काही जाती मक्यात विषं तयार करतात, त्यामुळे ही तपासणी फार कसून करावी लागते.