सुगीची कला आणि शहराचा हिवाळा: कैनाड ते काळा घोडा

डहाणू तालुक्यातील कैनाड, गंजाड या गावांच्या आणि तलासरीच्या परिसरात भाताची कापणी उरकून खळ्यावर रास पडते, त्याच सुमारास मुंबईतील चित्रदालने, संग्रहालये आणि खुले रंगमंच यांचा वर्षातील सर्वांत गजबजलेला काळ सुरू होतो. पावसाळ्याचे चार महिने मुंबईत उघड्यावर मंडप टिकत नाही आणि दमट हवेमुळे कागद व कापड सांभाळणे अवघड होते. मार्चपासून ऊन चढू लागते. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने शहरातील प्रदर्शने, मैफली आणि महोत्सव यांच्या वाट्याला येतात. या गावांतील वारली आदिवासींच्या पाड्यांवरही हाच काळ नाचगाण्याचा असतो, पण त्याचे कारण वेगळे आहे: शेतीचे काम हलके झालेले असते, घरात नवे धान्य आलेले असते आणि पुढे लग्नसराईची तयारी असते. एकाच ऋतूतील या दोन उत्सवांचे नाते समजून घेतले, तर हिवाळ्यात मुंबईला कला पाहण्यासाठी केलेली फेरी अधिक अर्थपूर्ण होते.

पालघर जिल्ह्यातील रहिवाशाला ही फेरी आता अवघड राहिलेली नाही. पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा एप्रिल 2013 मध्ये डहाणू रोडपर्यंत वाढली आणि चर्चगेटपासून सुमारे 124 किलोमीटर अंतरावरचे हे स्थानक मुंबईच्या लोकलच्या नकाशावर आले. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडले की महात्मा गांधी मार्गावरचा काळा घोडा परिसर चालत गाठता येतो. या परिसराला नाव मिळाले ते सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून. ब्राँझचा हा काळपट पुतळा 1965 मध्ये येथून हलवण्यात आला आणि पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवला गेला, परंतु लोकांच्या बोलण्यातले नाव कायम राहिले आणि 2017 मध्ये त्याच परिसरात स्वार नसलेला नवा काळा घोडा उभा करण्यात आला. 1999 पासून या भागात भरणारा काळा घोडा कला महोत्सव सर्वसाधारणपणे जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या पूर्वार्धात नऊ दिवस चालतो आणि त्यात चित्रे, शिल्पे, नृत्य, नाटक, साहित्य आणि हस्तकला यांना रस्त्यावर व आसपासच्या सभागृहांत जागा मिळते.

महोत्सव नसतानाही या परिसराचे महत्त्व कमी होत नाही, कारण तीन मोठ्या संस्था येथे एकमेकींपासून काही पावलांवर आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी 1905 मध्ये झाली आणि ते 1922 मध्ये लोकांसाठी खुले झाले. प्राचीन शिल्पे, लघुचित्रे आणि नाणी यांचा मोठा संग्रह तेथे आहे. जहांगीर कलादालन 1952 पासून चित्रकारांना प्रदर्शनासाठी जागा देत आले आहे आणि त्याच्या बाहेरच्या पदपथावरही चित्रकार आपली चित्रे मांडतात. समोरच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात 1996 पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. वेळ हाताशी असेल तर भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहण्याजोगे आहे. 1872 मध्ये खुले झालेल्या या संग्रहालयात जुन्या मुंबईतील लोकांचे आणि व्यवसायांचे मातीचे नमुने मांडलेले आहेत.

कैनाडच्या वाचकासाठी या सर्वांत जिव्हाळ्याची जागा मात्र जहांगीर कलादालनाची इमारत आहे, कारण वारली चित्रकलेने शहरातील कलाजगतात पहिले पाऊल तेथे टाकले. गॅलरी केमोल्ड ही खासगी कलासंस्था त्या काळी याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती आणि 1975 मध्ये तिने गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. त्याआधी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात फिरून वारली चित्रांकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले होते आणि पाड्यापर्यंत कागद व रंग पोहोचवले होते. म्हसे यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील जगभरच्या कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, आणि 2018 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ही कला देशाबाहेरही परिचित झालेली होती.

या प्रवासात नेमके काय बदलले, हे चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाने जाणून घेणे आवश्यक आहे. मूळ वारली चित्र हे लग्नविधीचा भाग आहे. कारवीच्या कुडाची भिंत शेणमातीने सारवून तिच्यावर गेरू दिला जातो आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बांबूची काडी बुडवून चौक, म्हणजे चौकोनी विधीचित्र, काढला जातो. वारली बोलण्यात चौक ‘लिहिला’ जातो. हा चौक सवासिणी, म्हणजे नवरा हयात असलेल्या स्त्रिया, लिहितात. त्याच्या मधोमध पालघट ही सर्जनाची देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणत विधी पार पाडते. अशा चित्राखाली कोणाचे नाव नसते, ते विकले जात नाही आणि पुढे भिंत पुन्हा सारवली की नाहीसे होते. कागदावर आल्यावर हीच कला पुरुषांच्याही हाती गेली, देवीच्या चौकाबाहेर पडून शेती, मासेमारी आणि नाच यांचे विस्तृत चित्रण करू लागली, आणि चित्रकाराला नाव व मोबदला मिळाला. हा बदल म्हणजे परंपरेचा ऱ्हास नव्हे. परंतु मूळ लेखन स्त्रियांचे होते, हे विसरले गेले तर तो अन्याय ठरेल.

वारली चित्रांत वारंवार दिसणारे नर्तकांचे वेटोळे हेही याच ऋतूचे चित्र आहे. मध्यभागी तारपा वाजवणारा असतो आणि त्याच्याभोवती स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळीने फिरतात. तारपा हे फुंकून वाजवण्याचे लांब वाद्य असून वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने मेणाने जोडून ते तयार करतात. भात पिकू लागले की तारपा बाहेर निघतो आणि सुगीभर रात्री नाच चालतो. शहरातील रंगमंचावर हाच नाच काही मिनिटांत संपतो आणि प्रेक्षक समोर बसून तो पाहतो; पाड्यावर मात्र नाचणारा आणि पाहणारा असा भेद फारसा उरत नाही. म्हणूनच मुंबईतील महोत्सवाला ओळख करून देणारे दार मानावे, आणि त्या दारातून डहाणूकडे, बोर्डीच्या चिकू महोत्सवाकडे, गंजाडच्या चित्रकारांकडे येणारी उलटी फेरीही तितक्याच आस्थेने व्हावी.

वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विशिष्ट प्रदेशातून आलेल्या वस्तूचे नाव इतरांनी सरसकट वापरू नये, यासाठी कायद्याने दिलेली ही ओळख आहे. तरीही पिशव्या, कप आणि भिंतीचे कागद यांवर छापलेल्या बहुसंख्य आकृत्यांमागे कोणत्याही वारली चित्रकाराचा हात नसतो. कायद्याची ओळख ग्राहकाच्या चौकशीवाचून कागदावरच राहते. म्हणून या हिवाळ्यात काळा घोडा परिसरात किंवा अन्य प्रदर्शनात वारली चित्रासमोर थांबणाऱ्या प्रत्येकाने दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हे चित्र कोणी लिहिले, आणि तो किंवा ती कोणत्या पाड्याची?