आप्तेष्टांचीं अनाहूत पत्रें

टपालाच्या कार्डावर लिहिलेलें एक विशिष्ट प्रकारचें पत्र महाराष्ट्रांतील जुन्या पिढीच्या चांगलेंच परिचयाचें आहे. अमुक देवतेच्या नांवानें अशींच अकरा पत्रें लिहून धाडा, धाडल्यास लाभ होईल, न धाडल्यास अनर्थ ओढवेल, असा त्यांतील मजकूर असे. वाचणाराचा त्यावर विश्वास असो वा नसो, मनांत शंकेची पाल चुकचुके आणि तो निमूटपणें कार्डें आणावयास जाई. तथापि या प्रकारास एक स्वाभाविक मर्यादा होती. अकरा कार्डें विकत घ्यावीं लागत आणि तोच मजकूर अकरा वेळां हातानें लिहावा लागे. पैसा आणि श्रम हे त्या काळचे दोन पहारेकरीच होते.

ई-मेलनें आणि त्यामागून आलेल्या व्हॉट्सअ‍ॅपनें हे दोन्ही पहारेकरी दूर केले. आलेला मजकूर जसाच्या तसा पुढें ढकलणें, ज्यास सर्वजण ‘फॉरवर्ड’ म्हणतात, हें आतां क्षणाचें काम झालें आहे. परिणामीं सुविचार, फुलांचीं चित्रें, विनोद, घरगुती औषधें आणि सावधगिरीच्या सूचना यांच्या ढिगाऱ्यांतून कामाचें पत्र हुडकून काढावें लागतें. पाठविणारा परका व्यापारी असता, तर त्याचें पत्र न वाचतां काढून टाकतां आलें असतें. परंतु पाठविणारे असतात मामा, आत्या, शाळेंतील जुने मित्र! त्यांस ‘नको’ कसें म्हणावें, हाच खरा प्रश्न होय.

उपाय योजण्यापूर्वीं पाठविणाराचें मन जाणून घेणें इष्ट आहे. नोकरींतून निवृत्त झालेल्या, मुलें दूरदेशीं असलेल्या गृहस्थास रोज नवें काय लिहावें हें सुचत नाहीं. परंतु आपली आठवण सर्वांस राहावी असें मात्र वाटतें. फुलाचें चित्र हा त्याच्या दृष्टीनें नमस्कारच असतो. मजकूर उसना असला तरी त्यामागील माया उसनी नसते. म्हणून जो उपाय पत्राबरोबर माणसासहि दूर लोटील, तो उपाय नव्हे.

परंतु माया खरी असली म्हणून मजकूर खरा ठरत नाहीं. 1994 सालीं ‘गुड टाइम्स’ या मथळ्याचें पत्र उघडूं नका, त्यानें संगणक बिघडेल, अशी सूचना ई-मेलनें सर्वत्र पसरली. असें घातक पत्र अस्तित्वांतच नव्हतें. लोकांचा वेळ खाणारी खरी व्याधि म्हणजे ती सूचनाच होती. दुसरें उदाहरण क्रेग शेरगोल्ड या इंग्रज मुलाचें. 1989 सालीं मेंदूंतील गांठीनें आजारी असलेल्या या मुलासाठीं शुभेच्छापत्रें मागविण्यांत आलीं, आणि 1990 पर्यंत त्यांची संख्या दीड कोटीच्या वर गेली. 1991 सालीं अमेरिकेंत शस्त्रक्रिया होऊन तो बरा झाला. पत्रें थांबवावीं अशी विनंति कुटुंबियांनीं केली. तरीहि ती जुनी हांक पुढें ई-मेलवर चढून कित्येक वर्षें फिरतच राहिली. सुटलेलें पत्र परत बोलावतां येत नाहीं तें असें.

यामागील गणित सोपें आहे. प्रत्येकानें केवळ दहा नव्या माणसांस मजकूर धाडला, तर सहाव्या पायरीवर तो 10 लाख लोकांच्या हातीं पडतो. 2018 सालीं मुलें पळविणाऱ्या टोळ्यांची अफवा याच वाटेनें देशभर पसरली. मुलांच्या सुरक्षिततेसाठीं कराचीस तयार केलेली एक चित्रफीत, शेवटचा खुलासा कापून, खऱ्या अपहरणाचा पुरावा म्हणून फिरविली जात होती. 1 जुलै 2018 रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांस अशाच संशयावरून जमावानें ठार मारलें. त्याच महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपनें भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं मजकूर पुढें धाडण्यास बंदी करण्याचें जाहीर केलें. गेलेला पहारेकरी अंशतः परत उभा करण्याचाच तो यत्न होता.

तेव्हां त्रासदायक पत्र आणि घातक पत्र यांत प्रथम भेद केला पाहिजे. जें केवळ त्रासदायक आहे, त्यासाठीं सौम्य उपाय पुरे आहेत. पाठविणारास जें सांगावयाचें तें एकट्यास सांगावें; सर्वांस जाणाऱ्या उत्तरांत किंवा ग्रुपवर सांगूं नये, कारण चारचौघांत झालेला उपमर्द वडीलधारीं माणसें विसरत नाहींत. नको तें सांगतांना हवें तेंहि सांगावें. “काका, आपलें पत्र आलें कीं आनंद होतो. परंतु चित्रांच्या गर्दींत कामाचीं पत्रें मागें पडतात. तेव्हां चित्रें नाहीं धाडलीं तरी चालेल, पण आपल्या प्रकृतीविषयीं चार ओळी अवश्य लिहाव्यात.” अशा शब्दांनीं कोणी दुखावत नाहीं. मात्र त्या चार ओळी आल्यावर त्यांस त्वरित उत्तर गेलें पाहिजे. एरवीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां फुलें येऊं लागतील. एवढ्यानेंहि न भागल्यास त्या पत्त्यावरून येणारीं पत्रें आपोआप निराळ्या कप्प्यांत पडतील अशी सोय ई-मेलमध्यें असते. तो कप्पा रविवारीं सवडीनें पाहावा.

घातक पत्राविषयीं मात्र मौन हा शिष्टाचार नव्हे. औषध सोडावयास सांगणारा, एखाद्या जमातीविषयीं संशय पेरणारा किंवा मुलें पळविल्याची आवई उठविणारा मजकूर मामांकडून आला तरी तो तेथेंच अडविला पाहिजे. “हें आपणांस कोठून कळलें?” एवढा नम्र प्रश्न बहुधा पुरतो. खरी माहिती हातीं देऊन, चुकीचा मजकूर ज्यांस गेला त्यांस तीहि कळविण्याची संधि त्यांनाच द्यावी. त्यांत त्यांचा मानहि राहतो.

आणि हाच नियम प्रत्येकानें स्वतःसहि लावला पाहिजे. अनेकांस पत्र धाडणें प्राप्तच असेल, तर पत्ते बी.सी.सी.च्या रकान्यांत घालावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्यास दिसत नाहीं; मागील पत्त्यांची लांबलचक यादी पुसून टाकावी; आणि ज्याची खात्री नाहीं तें पुढें धाडूं नये. पूर्वीं अकरा कार्डें लिहिणाराचा हात तरी दुखत असे. आतां हात दुखत नाहीं. म्हणूनच, धाडण्यापूर्वीं क्षणभर थांबून विचार करण्याचे श्रम प्रत्येकानें आपण होऊन घेतले पाहिजेत.