बीज दोघांचं

सकाळी साडेआठला मी आमच्या पुण्यातल्या लॅबमध्ये इन्क्युबेटरमधून डिश बाहेर काढते. आदल्या दुपारी स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र ठेवलेले असतात. त्याला सतरा तास झालेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली फलित पेशीत दोन गोल केंद्रकं शोधायची, एक आईकडचं, एक वडिलांकडचं. दिसली की फॉर्मवर 'टू पीएन' लिहायचं आणि डिश लगेच आत ठेवायची.

गेल्या वर्षी एक सासूबाई मला म्हणाल्या, "मॅडम, बीज आमचं चांगलंय हो, जमिनीतच खोट आहे." सून शेजारी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. त्या वाक्याचा मला आजही राग येतो. ते खोटं आहे, हे रोज त्या डिशमध्ये दिसत असतं.

शुक्राणूतला डीएनए प्रोटामाइन नावाच्या प्रथिनांनी वळकटीसारखा आवळलेला असतो. त्या अवस्थेत त्यातली जनुकं वाचता येत नाहीत. ही वळकटी सोडतं स्त्रीबीज. प्रोटामाइन काढून त्या जागी ते आपल्या साठ्यातली हिस्टोन प्रथिनं बसवतं.

मग येते खुणांची पाळी. डीएनएतल्या 'सी' या अक्षरावर जागोजागी मिथाइल चिकटलेलं असतं: एक कार्बन, तीन हायड्रोजन. अक्षर तेच राहतं, पण कुठलं जनुक गप्प ठेवायचं हे ठरवण्यात या खुणांचा हात असतो. शुक्राणूच्या डीएनएवर त्या दाट असतात. 2000 साली जर्मनीतल्या योर्न वाल्टर, थॉमस हाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या फलित पेशीतल्या या खुणा चमकत्या प्रतिपिंडांनी रंगवून पाहिल्या. आईकडचं केंद्रक उजळ राहिलं. वडिलांकडचं काही तासांतच, पेशी एकदाही विभागण्याआधी, अंधारलं. खुणा पुसल्या गेल्या होत्या. या कामात टेट3 या विकराचा मोठा वाटा असतो, हे 2011 साली समजलं. तो स्त्रीबीजातलाच. आईकडच्या खुणा त्याच्यापासून राखणारं स्टेला हे प्रथिनही तिथलंच.

शुक्राणू एकाच कामासाठी घडलेली पेशी. भ्रूणाला मात्र मेंदूपासून कातडीपर्यंत सगळं घडवायचं असतं. त्यासाठी जुन्या खुणा उतरवाव्या लागतात, असं मानलं जातं.

पण वडिलांचं सगळंच पुसलं जात नाही. वाढीला चालना देणारं आयजीएफ2 हे जनुक भ्रूणात मुख्यतः वडिलांच्या प्रतीवरून चालतं, कारण त्याच्याजवळची वडिलांची खूण जपली जाते. अझीम सुरानी यांनी केंब्रिजमध्ये 1984 साली उंदरांच्या भ्रूणांत दोन्ही केंद्रकं एकाच पालकाकडची ठेवून पाहिली. ते भ्रूण पूर्ण वाढले नाहीत. आईवडील दोघांच्या खुणा लागतातच.

पुढच्या भेटीत मी सासूबाईंना फाईलमधला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन गोलांवर बोट ठेवलं. "यातलं आमच्या मुलाचं कुठलं?"

"नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही," मी म्हटलं. "आणि आजी, सुनेच्या पेशीला आपण मराठीत काय म्हणतो?"

त्या थोडं थांबल्या. "स्त्रीबीज."

सुनेनं पहिल्यांदाच मान वर केली.