मॅगझीन जुळवणी, रायफलीची

रायफलीतील काडतुसांची पेटी (मॅगझीन) न अडखळता आत जावी, खटक्यात पक्की बसावी व खटका दाबताच सहज सुटावी, यासाठी तिच्या स्पर्शपृष्ठांवर हाताने केलेल्या बारीक कामास मॅगझीन जुळवणी म्हणतात.

पेटीत कवच, स्प्रिंग, काडतुसे वर ढकलणारी पट्टी आणि तोंडाशी आत वळलेल्या कडा म्हणजे ओठ हे भाग असतात. ओठ काडतुसाला ठराविक उंचीवर व कोनात धरतात. पेटी फार खाली बसल्यास बोल्ट काडतुसावरून निसटतो व कोठा रिकामा राहतो. फार वर बसल्यास बोल्ट ओठांना घासतो.

ली-एनफील्ड .३०३ रायफलीची १० काडतुसांची पेटी सुटी होत असे. परंतु सैनिक ती रायफलीतच ठेवून ५-५ काडतुसांच्या क्लिपांनी वरून भरीत. त्यामुळे एक पेटी एकाच रायफलीस जुळविणे पुरेसे होते. ७.६२ मिमी. स्वयंभरण रायफल व ५.५६ मिमी. इन्सास या ईशापूरला बनलेल्या रायफलींच्या पेट्या २० काडतुसांच्या असून सैनिक त्या अनेक बाळगतो. चकमकीत पेट्यांची देवघेव करावी लागते. एका रायफलीसाठी घासलेली पेटी दुसरीत सैल बसली, तर तो दोष जिवावर बेतू शकतो. म्हणून कारखान्यात पेट्या गेजने तपासतात व हातजुळवणी अपवाद म्हणूनच करतात.

नांदेड जिल्ह्यात मुदखेड येथे व लातूर येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाची, तर लातूर जिल्ह्यात चाकूर येथे सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. प्रशिक्षणात पेट्या वारंवार लावाव्या-काढाव्या लागतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ जास्तीच्या तेलात मिसळून चिकट थर बनते व पेटी अडकू लागते. अशा वेळी दोष मापाचा नसून मळाचा असतो. म्हणून कानस हाती घेण्यापूर्वी पेटी उघडून, पुसून, कोरडी करून पाहणे आवश्यक ठरते.

स्वच्छ पेटीही अडकल्यास प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री करतात. पेटीवर काजळीचा पातळ थर देऊन ती लावतात व काढतात. जेथे काजळी पुसली जाते, तेथे घर्षण होते. तेवढाच भाग बारीक कानशीने एकदोन हात मारून घासतात व पुन्हा लावून पाहतात. घासायची ती पेटी, रायफलीचा सांगाडा नव्हे. कारण पेटी बदलता येते, पण सांगाडा बिघडल्यास सर्वच पेट्या निरुपयोगी होतात. खटक्यात अडकणारी कड जास्त घासली गेल्यास पेटी खाली उतरते. ओठांना कानस लावीत नाहीत. शेवटी उघड्या पडलेल्या धातूवर गंजरोधक लेप देतात आणि पेटी नकली काडतुसांनी पूर्ण भरून, बोल्ट बंद असतानाही ती बसते का, हे तपासतात.

सुरक्षा दलांत हे काम प्रशिक्षित आर्मररच करतो. नागरी क्षेत्रात शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो.