गुळाची ढेप विकताना पावती जवळ ठेवा



वसईच्या आसपासच्या गावांतून केळी, भाजी घेऊन आपण एव्हरशाईन सिटीकडे विक्रीला बसता. गिऱ्हाईक विचारतं, "गावचा गूळ आहे का? मध आहे का?" मग बाजारातून आणलेली ढेप पाटीशेजारी ठेवावीशी वाटते. ठेवायला हरकत नाही, पण ती भेसळीची निघाली तर पहिल्यांदा विचारणा होते ती आपल्याकडेच.

हे आजचं नाही. मुंबई इलाख्यात 1925 सालीच भेसळ रोखण्याचा कायदा झाला होता. मात्र प्रांतागणिक कायदे वेगळे. म्हणून संसदेने 1954 साली देशासाठी एकच कायदा केला. तो 1 जून 1955 पासून लागू झाला. गूळ कशाला म्हणावं, हेही नियमांनी ठरवून दिलं. सुक्या वजनावर एकूण साखर 90 टक्क्यांहून कमी नको, पाण्यात न विरघळणारा गाळ 2 टक्क्यांहून जास्त नको. परवानगी नसलेल्या पदार्थात सॅकरीन घालायला बंदी आली. जिथे परवानगी, तिथेही लेबलावर तसं छापणं भाग पडलं.

अंमलबजावणीची रीत समजून घ्या. निरीक्षक रोख पैसे देऊन नमुना घेई. त्याचे तीन भाग करून, सील लावून, एक विकणाऱ्याला देई, दुसरा सरकारी विश्लेषकाकडे पाठवी आणि तिसरा कोर्टासाठी जपून ठेवी. 1964 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कडक झाली: एरवी कमीत कमी सहा महिने कैद आणि 1000 रुपये दंड. "साहेब, मला ठाऊक नव्हतं" हा बचाव चालत नसे. माल लेखी हमीवर किंवा पावतीवर घेतला, नीट ठेवला आणि होता तसाच विकला, हे दाखवता आलं तरच सुटका.

तो कायदा 5 ऑगस्ट 2011 ला संपला. त्याजागी 2006 चा अन्न सुरक्षा कायदा आला. आता नमुन्याचे चार भाग होतात आणि खोट्या लेबलाला 3 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पावतीचं महत्त्व मात्र तसंच आहे. माल कुणाकडून घेतला हे सांगता आलं नाही तर जबाबदारी विकणाऱ्याच्या गळ्यात पडते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. शेतातल्या उसाला हा कायदा लागत नाही. त्याच उसाचा गूळ केला, की लागतो. तेव्हा गुऱ्हाळ चालवणाऱ्यांनी गुळव्याला आधीच बजावून ठेवावं. पिवळाधमक गूळ लवकर खपतो म्हणून काहिलीत मूठमूठ हायड्रॉस पडतं. त्यातला गंधकाचा अंश दहा लाख भागांत 70 भागांपेक्षा जास्त चालत नाही, आणि मुठीला कसलं आलंय माप! शिवाय असा गूळ साठवणीत पुन्हा काळवंडतो, ते वेगळंच. रंग तर गुळात मुळीच घालायचा नाही. रस निवळायला भेंडीचा चिकट रस वापरा, मळी वेळच्या वेळी काढा. गूळ तांबूस होईल, होऊ द्या.

'कोल्हापुरी गूळ' या नावाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दुसरीकडचा गूळ त्या नावानं विकू नका.

मधाचं म्हणाल, तर पाण्यात थेंब टाकून पारख करण्यावर विसंबू नका. साखरेचा घट्ट पाकही तसाच तळाला जातो. शंका आली तर प्रयोगशाळेतच तपासून घ्यावा. गिऱ्हाइकालाही फी भरून तशी तपासणी करून घेण्याचा हक्क आहे. माल आणाल त्या दिवशीच पावतीवर तारीख, वजन आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घ्या.